कोरडी भिंत

घराची भिंत गळली तर इंजिनिअरला शिव्या बसतात. डोंगर अडवणारी भिंत गळायची थांबली, तर मात्र इंजिनिअरने सगळी कामं टाकून तिथे धावायला हवं. हे मला कॉलेजपासून ठाऊक होतं. परीक्षेत त्यावर मार्कही मिळवले होते. तरी त्या दुपारी मी तसल्याच एका भिंतीला पाठ टेकून दोन कप चहा प्यायलो, आणि वर चहाचं कौतुकही केलं.

मी मूळचा सोलापूर भागातला. आमच्याकडे पाणी शोधावं लागतं, पुण्याजवळ मुळशीत ते घालवावं लागतं. अठ्ठ्याण्णव साली नोकरीसाठी पुण्याला आलो, चार वर्षांनी स्वतःचं लहानसं ऑफिस काढलं. लवळ्याच्या टेकडीवरच्या हॉस्टेलांचे स्लॅब, माण गावात भाड्याने द्यायला चढवलेले मजले, मुठा खोऱ्यातले शनिवार-रविवारचे बंगले, जे येईल ते करत होतो. स्वभाव तापट. गवंडी माझ्यामागे मला ‘फटाका’ म्हणायचे, हे मला माहीत होतं आणि त्याचा थोडा अभिमानही होता. आकड्यांवर माझा जेवढा विश्वास होता तेवढा माणसांवर नव्हता.

हा बंगला मुठा गावाच्या पुढे, डोंगर कापून सपाट केलेल्या जागेवर होता. कापलेला डोंगर अडवायला मी अकरा फूट उंचीची लांबलचक दगडी भिंत नकाशावर काढून दिली होती. अशी भिंत अगदी सरळ उभी करत नाहीत. तिला डोंगराकडे किंचित रेलती ठेवतात, जेवण झाल्यावर माणूस भिंतीला रेलतो तशी. आणि तिच्यात जागोजाग पाइपाचे तुकडे घालून आरपार भोकं ठेवतात. डोंगरात मुरलेलं पाणी त्यातून बाहेर येतं. ते आलं नाही तर मागे साठतं, आणि साठलेलं पाणी भिंतीला मातीपेक्षा जास्त जोराने ढकलतं. माझ्या भिंतीला दोन ओळींत मिळून चाळीस भोकं होती. पहिल्या पावसाळ्यात मी बघायला गेलो तेव्हा चाळीसही वाहत होती, आणि बहुतेक भोकांच्या तोंडाशी एकेक बेडूक बसला होता.

“सायेब, बेडकांची चाळ बांधलीया तुमी,” बंगल्याचा वॉचमन म्हणाला होता. “चाळीस खोल्यांची.”

मला ते इतकं आवडलं की मी ते ऑफिसात दहा जणांना सांगितलं.

नकाशावर मी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं की भिंतीपासून दहा फुटांच्या आत काही बांधू नये. मालकांनी पुढच्याच वर्षी तिथे वॉचमनची खोली बांधली. मला न विचारता, आणि भिंतीला अगदी चिकटून. तीन बाजू बांधायच्या, चौथी आयती मिळते, असा हिशोब. हे मला कळलं दोन हजार चारच्या जूनमध्ये, तेही फोनवर. मी लवळ्याला एका हॉस्टेलच्या स्लॅबच्या सळ्या तपासत होतो. दुसऱ्या दिवशी काँक्रीट टाकायचं होतं.

“अहो, तुमच्या भिंतीतून खोलीत पाणी येतंय,” मालक म्हणाले. माणूस गोड बोलणारा, पुण्यात राहणारा. “वॉचमनच्या बायकोचे दिवस भरलेत. ओल्यात कशी राहणार ती?”

“कुठल्या खोलीत?” मी विचारलं, आणि उत्तर ऐकून सळ्या बांधणारी माणसं थबकतील एवढ्या आवाजात बोललो. मालक शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, “झालं ते झालं. खोलीत सहा भोकं येतात. तेवढी बुजवू का?”

मी हातातल्या नकाशाच्या मागे आकडेमोड केली. चाळीसातली सहा गेली तर चौतीस उरतात. शेजारच्या भोकांवर थोडा भार येईल, पण चालेल. मी म्हणालो, “सहाच बुजवा. बाकीच्यांना हात लावायचा नाही. आणि दिवाळीनंतर खोली तिथून हलवा.” मालक हो हो म्हणाले. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. लवळ्याहून मुठ्याला जायला फार तर तास लागला असता. मी गेलो नाही. आणि खरं सांगायचं तर सहाचा निर्णय मला आजही चुकीचा वाटत नाही. मला छळतं ते हेच.

जुलैच्या मध्यावर एका दुसऱ्या कामासाठी मी त्या रस्त्याने निघालो होतो. दुपारचे बारा वाजले होते आणि धुकं इतकं की मोटारसायकलचा दिवा लावूनही चार हातांपुढचं डांबर दिसत नव्हतं. बंगल्याचं फाटक धुक्यातून एकदम पुढ्यात आलं तेव्हा मी थांबलो. म्हटलं, चहा घेऊ, धुकं जरा विरळ होईल.

अंगणात उभा राहिलो आणि मला अस्वस्थ वाटायला लागलं. काहीतरी कमी होतं. मी चष्मा पुसला, इकडे तिकडे पाहिलं. बंगला, नळ, आंब्याचं रोप, सगळं जागच्या जागी. पाऊस बुरबुरत होता, पण त्याचाही आवाज येत नव्हता. मग कळलं की बेडूक ओरडत नव्हते. मागच्या पावसाळ्यात इथे दोन शब्द बोलायचे तर ओरडून बोलावं लागायचं. आता मला माझ्याच रेनकोटची सळसळ ऐकू येत होती.

वॉचमनने खोलीत बोलावलं. आत त्याची आई होती, पन्नाशी उलटलेली, डोक्याला फडकं बांधलेली. बाजेवर त्याची बायको मुलीला कुशीत घेऊन झोपली होती. मुलगी आठ दिवसांची. बाजेखाली शेकायची शेगडी, आणि बाज दारापासून लांब, म्हणजे अगदी माझ्या भिंतीला लावलेली. मुळशीत जुलैमध्ये मिठाचं पाणी होतं, अंथरुणाला बुरशीचा वास येतो, काडेपेटीच्या काड्या घासून घासून हात दुखतो. या खोलीत म्हातारीने पहिल्या काडीत स्टोव्ह पेटवला.

“हात लावून बघा सायेब,” ती म्हणाली. “कोरडी ठणठणीत हाय. सबंध खोऱ्यात अशी खोली न्हाई कुणाची.”

मी हात लावला. खरंच कोरडी. आणि मी, कोरडी भिंत म्हणजे काय हे शिकलेला माणूस, खूश झालो. काम चांगलं झालं म्हणून माझी छाती फुगली. बाजेच्या उशाशी पोत्यावर बसलो, भिंतीला पाठ टेकली आणि चहाचा कप हातात घेतला.

तेव्हा पाठीला एक आवाज लागला. कानाला नाही, आधी पाठीलाच. भाकरीत खडा यावा आणि तो दाताखाली चिरडावा तसा. एकदा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा.

“घूस हाय,” माझ्याकडे बघून म्हातारी म्हणाली. “आठधा दिस झालं लागलीया भितीमागं. कुरतडती. रोज सकाळी झाडताना चिमूटभर रेती निघती बघा हितं.”

मी दुसरा कप घेतला. घूस, असं मीही मनात म्हटलं. त्या भिंतीचा नकाशा मी काढला होता. तळाशी सहा फूट जाडीचा दगड आणि सिमेंट, मागे खडी, खडीमागे डोंगर. त्यात घूस शिरायला जागा नव्हती, हे माझ्याइतकं दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. तरी मी चहा प्यायलो. माणसाला घाबरायचं नसतं तेव्हा तो घुशीवरसुद्धा विश्वास ठेवतो.

निघायच्या आधी, पुन्हा कधी येईन ते सांगावं म्हणून तारीख बघायला उठलो. बाजेच्या वर खिळ्याला वाण्याच्या दुकानाचं कॅलेंडर टांगलेलं होतं. पान सरळ करायला हात लावला तर बोट पानामागे गेलं. करंगळी बसेल एवढी फट होती. कॅलेंडर वर खिळ्याला होतं, खाली भिंतीला टेकतच नव्हतं. दार बंद होतं, वारा नव्हता, आणि बाळंतिणीच्या श्वासाने त्याचा खालचा कोपरा हलत होता.

डोंगराकडे रेललेल्या भिंतीवर टांगलेलं कॅलेंडर भिंतीवर पडून राहायला हवं. ते सुटून लोंबतंय याचा अर्थ एकच. भिंत रेलायची थांबली होती, आणि आता आमच्याकडे वाकत होती.

मी वॉचमनला घेऊन बाहेर आलो आणि भिंतीच्या कडेने चालत भोकं मोजायला लागलो. एक नाही, दोन नाही, तीन नाही. धुक्यातून एकेक जागा पुढे येत होती आणि प्रत्येक जागी सिमेंटचा गुळगुळीत गोळा होता, कडा ओल्या कुंच्याने पुसून घेतलेल्या. टोकाला पोचलो. चाळीसच्या चाळीस बुजवलेली होती.

“एक थेंब न्हाई बघा आता,” मागून छत्री धरून वॉचमन म्हणाला. त्याला वाटत होतं मी शाबासकी देणार.

“तुला सहा सांगितली होती.”

“व्हय. सहा बुजवली. मग शेजारची दोन लई जोरानं व्हायला लागली, पानी उंबऱ्यावरनं आत यायला लागलं. म्हटलं, सायबांनी सहा बुजवायला सांगितलीत म्हंजे बुजवली तर चालतंय. म्हून ती दोन भरली. मग त्याच्या पलीकडची. तिथनं येक लांबडं पन सरपटत आलं. घरात बाळंतीन. येकेक करत गेलो सायेब.”

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. तोंड उघडलंही. पण तो जे बोलला ते माझ्याच आकडेमोडीसारखं होतं: एवढ्याने काय होतंय. सहांना ज्या कारणाने मी हो म्हटलं, त्याच कारणाने त्याने उरलेल्या चौतीसांना हो म्हटलं होतं. फटाका फुटलाच नाही.

पाहायचं होतं ते नीट पाहायला ओळंबा हवा. माझा ऑफिसात. सुतळी मिळाली, पण तिला बांधायला वजन नव्हतं. वॉचमनच्या खिशात बंगल्याच्या मागच्या दाराचं मोठं पितळी कुलूप होतं; बंगल्याची झाडलोट करून तो नुकताच आला होता, ते लावायचं राहिलं होतं. ते घेतलं. खोलीत पत्र्याच्या खाली, भिंतीच्या अगदी वरच्या सांध्यात खिळा ठोकला, त्याला मुळाशी सुतळी बांधली आणि कुलूप जमिनीपासून चार बोटं वर सोडलं. ते डोलायला लागलं. आम्ही चौघं त्याच्याकडे बघत होतो. बाळंतीणही उठून बसली होती. ते फार वेळ डोलत राहिलं. मधेच भिंतीमागे पुन्हा तो खडा चिरडला. मग कुलूप थांबलं. भिंतीपासून दोन बोटं लांब.

“सगळ्यांनी बाहेर चला,” मी म्हणालो. “आत्ता. बंगला उघड, बंगल्यात बसा.”

वॉचमन जागचा हलला नाही. “मालक वरडतील. बंगल्यात बसायचं न्हाई असं सांगून ठेवलंय त्यांनी.”

“मी चिठ्ठी लिहून देतो. माझ्या नावावर.”

म्हातारी मात्र उठून दारातच उभी राहिली. “बारसं झाल्याबिगर बाळंतीन उंबऱ्याभाईर जायाची न्हाई. ह्या असल्या धुक्यात तर न्हाईच. लेकराला वारं लागलं तर तुमी येनार हाय का?”

“मावशी, भिंत पडेल.”

“कवा?”

“आज पडेल, किंवा दहा वर्षं पडणार नाही,” मी खरं ते सांगितलं.

तिच्या आवाजात राग नव्हता. “म्हैन्यामागं तुमी सांगितलं, भरा. आमी भरली. आता सांगता, निघा. तुमचं कवाचं खरं धरायचं?”

मी खूप साइट पाहिल्या, बिल्डर पाहिले, सरकारी साहेब पाहिले, पण इतका अवघड प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मला लाज वाटली. मी म्हणालो, “महिन्यामागचं मी न बघता सांगितलं होतं. चूक माझी. आताचं बघून सांगतोय.” आणि तिचा हात धरून मी तिला बाजेपाशी नेलं. “या कॅलेंडरच्या मागे बोट घाला.”

तिने घातलं. पान न हलता बोट आत गेलं. मग तिने खाली वाकून कुलूप आणि भिंत यांच्यामध्ये दोन बोटं धरली. हातच्या काकणाला आरसा लागत नाही. ती सरळ झाली आणि मुलाला म्हणाली, “शेगडी उचल.”

ती वरात मला अजून दिसते. भर दुपारी, धुक्यात. पुढे फडक्याने पेटती शेगडी धरलेला वॉचमन, बाळंतिणीची ऊब सुटू नये म्हणून. मागे डोक्यावरून घोंगडी घेतलेली बाळंतीण, तिच्या मागे पोर छातीशी घट्ट धरलेली म्हातारी. पाच पावलांवर मला त्यांच्या आकृती दिसेनाशा झाल्या, फक्त शेगडीचा लाल ठिपका तेवढा बंगल्याकडे सरकत गेला. बंगल्याचं दार लागलं आणि वॉचमन पहार घेऊन परत आला.

मग भोकं उघडायची. तीही घाईने उघडून चालत नाही. मागे साठलेलं पाणी एका जागी एकदम सुटलं तर तीच जागा ढासळते. दोन्ही टोकांकडून मध्याकडे यायचं ठरवलं, आणि भोकाच्या समोर न राहता बाजूला उभं राहायचं. वॉचमनने पहारेने पहिला गोळा फोडला. काहीच झालं नाही. मग भोकातून एक लांब उसासा आला, अगदी माणसासारखा, आणि मागोमाग तांबडं पाणी चार हात लांब उडालं. वॉचमन पहार टाकून मागे सरला. त्यानंतर प्रत्येक भोक आधी उसासा टाकायचं.

खोलीतली सहा मी एकट्याने उघडली. त्याला आत येऊ दिलं नाही. शूरपणा नव्हता तो, मला भीती वाटत होती. पण ती सहा माझी होती. शेवटचं भोक बाजेच्या उशापाशी होतं. त्याच्यातून पाणी आलं ते कोमट होतं. का, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. शेगडीने दगड तापला असेल, असं मी स्वतःला सांगतो. सुतळी आणि कुलूप मी तसंच टांगून ठेवलं आणि म्हातारीला सांगितलं, रोज बघत जा.

भिंत त्या दिवशी पडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बारसं बंगल्याच्या व्हरांड्यात झालं. मालकांना कळलं तेव्हा फोनवर त्यांचा गोडपणा संपला. भोकं उघडली, पाणी गेलं, आता खोली ठीक आहे असं लिहून द्या म्हणाले. मी म्हणालो, भिंत तरी उतरवा नाहीतर खोली तरी पाडा, एवढंच लिहून देईन. त्यांनी दुसरा इंजिनिअर बघितला. त्याने सही दिली. मी रागाने ती फाइल कपाटाच्या तळाशी टाकली आणि मुठ्याचा रस्ताच सोडला. मग मनाशी म्हणायला लागलो, भोकं वाहतायत, ताण उतरलाय, ती आता आहे तिथेच राहील. मला गप्प बसायचं होतं, म्हणून गप्प बसण्याचं कारण शोधत होतो.

पाच वर्षांनी, दोन हजार नऊच्या मे महिन्यात, वाळू टाकायला आलेल्या एका टेम्पोवाल्याने माझ्या साइटवर निरोप आणला. “मुठ्याची येक म्हातारी हाय. म्हनली, त्या भोकंवाल्या सायबाला सांग, कुलूप हललंय.”

मी हातातलं काम टाकलं आणि मोटारसायकल काढली.

गेलो. डोंगर तापून पिवळा पडला होता, भोकं कोरडी, पानसुद्धा हलत नव्हतं. म्हातारी वाट बघत होती. तिने सांगितलं की सही आली तरी ती त्या खोलीत राहायला गेलीच नाही. मालकांनी दोनदा दम दिला. तिने सांगून टाकलं, “कुलूप भितीला टेकंल, तवा जाऊ.” गाडी लावायच्या शेडमध्ये पोती बांधून त्यांनी पाच पावसाळे काढले. खोलीत नुसतं सरपण ठेवलं. आता बंगला विकला गेला होता. नव्या मालकांना शेड हवी होती. त्यांनी खोलीला रंग दिला होता आणि जूनच्या एक तारखेला सगळ्यांनी खोलीत जायचं असं सांगितलं होतं.

खोलीत नव्या रंगाचा वास होता. सरपण बाहेर काढलेलं. सुतळी काळी पडली होती, पण तिच्या टोकाला कुलूप तसंच लटकत होतं. रंगाऱ्याने त्यालाही पांढरा हात मारला होता. मी वाकून पाहिलं. मला नक्की सांगता येईना. पहिलं माप मी बोटांनी घेतलं होतं, वहीत लिहिलं नव्हतं. आकड्यांवर विश्वास असणाऱ्या माणसाने त्या दिवशी नेमका आकडाच घेतला नव्हता.

“मावशी, हललंय हे तुम्हाला कसं कळलं?”

तिने दारातून नातीला हाक मारली. पाचवं वर्ष सरत आलेली, दोन वेण्या घातलेली मुलगी आत आली. काय करायचं ते तिला माहीत होतं. गुडघ्यावर बसली, उजव्या हाताची मूठ वळली, आणि कुलूप नि भिंत यांच्यामध्ये सरकवली. मूठ अलगद बसली. कुलूप हललं नाही.

“बारशाच्या दिशी हिची मूठ घालून बघितली,” म्हातारी म्हणाली. “लिंबायेवढी व्हती. बसली. मग दर वाढदिवसाला बघतो. हिची मूठ दरसाल मोटी व्हतीया सायेब. आन दरसाल बसतीया.”

मी त्या मुठीकडे बघत राहिलो. उन्हाळ्यात भिंतीमागची माती वाळून तडकते, तड्यात रेती पडते, पाऊस आला की फुगते आणि भिंत केसभर पुढे ढकलते. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तसंच. मला हे सगळं माहीत होतं. पाच वर्षं ती भिंत या पोरीच्या हातासोबत वाढत होती, आणि मी कपाटाच्या तळाशी फाइल ठेवून झोपत होतो. मला स्वतःची शिसारी आली.

“आता काय म्हनता?” म्हातारीने विचारलं. “त्यांच्या सायबाची सही हाय. तुमचं येगळं. कुनाचं खरं धरायचं?”

“माझं नका धरू,” मी म्हणालो. “हिच्या मुठीचं धरा.”

मी टेप काढून मुलीची मूठ मोजली. तिने ती न उघडता धरून ठेवली. मग बाहेर दगडावर बसून पत्र लिहिलं की भिंत धोकादायक आहे, पावसाआधी वरून एकेक थर उतरवावी, तोपर्यंत जवळ कुणी राहू नये. अंतराच्या जागी टेपचं माप लिहिलं, आणि त्याखाली, पाच वर्षांच्या मुलीची मूठ बसते, असंही लिहिलं. सही केली. एक प्रत नव्या मालकांना, एक ग्रामपंचायतीत, पोच घेऊन. नव्या मालकांनी कुरकुर केली, पण लेखी कागदापुढे त्यांचं चाललं नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात काम सुरू झालं. आधी पत्रे काढले, मग खोलीच्या तीन भिंती. माझी भिंत उघड्यावर आली. मजूर सकाळच्या न्याहारीला थांबले. त्यांच्यातल्या एकाने हातातली पहार भिंतीला नुसती टेकवून ठेवली आणि तंबाखू मळत आमच्याकडे, आंब्याच्या सावलीत आला. तो तिथे पोचून बसतो तोच मागे तो आवाज झाला, भाकरीतला खडा चिरडल्याचा, पण आता सगळ्यांना ऐकू येईल एवढा. भिंतीचा मधला भाग पोटातून पुढे आला आणि बसकण मारल्यासारखा खाली बसला. धूळ उठली.

धूळ बसायला बराच वेळ लागला. बाज जिथे होती तिथे छातीएवढा दगडांचा ढीग होता, आणि मी ज्या पोत्यावर बसून चहा प्यायलो ती जागा त्याच्या बरोबर खाली होती.

मुलगी आजीच्या लुगड्याला धरून उभी होती. ती ढिगाकडे बघत होती आणि तिची उजवी मूठ आपोआप वळलेली होती.

“आजी, आता मूठ कुटं घालायची?”

“आता न्हाई घालायची,” म्हातारी म्हणाली, आणि तिने ती मूठ आपल्या हातात घेऊन एकेक बोट उघडलं.